दही, जिवाणू आणि प्रतिकारशक्ती : एका समीकरणाची चिकित्सा

अहमदनगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यातील हिवरे बाजार हे गाव 1994 साली आदर्शगाव योजनेत सहभागी झाले. चराईबंदी व पाणलोटाच्या कामांमुळे चारा वाढला आणि गावाचे दूधसंकलन दिवसाला सुमारे 150 लिटरवरून 4000 लिटरच्या आसपास गेले. दुधामागोमाग विरजण आले. मात्र दही म्हणजे प्रोबायोटिक आणि प्रोबायोटिक म्हणजे प्रतिकारशक्तीत वाढ, हे समीकरण अशा गावांविषयी बोलताना जितक्या सहजपणे मांडले जाते, तितके ते सरळ नाही.

या विचाराचे जनकत्व एली मेचनिकॉफ यांना दिले जाते. भक्षकपेशींवरील कार्यासाठी त्यांना 1908 चे नोबेल पारितोषिक मिळाले. परंतु आंबवलेल्या दुधाविषयी लिहिताना त्यांचा मुख्य भर आतड्यातील कुजण्याची क्रिया रोखण्यावर होता.

आतड्याच्या अस्तरालगतच्या डेन्ड्रिटिक पेशी टोल-सदृश ग्राहींद्वारे जिवाणूंच्या भित्तिकेतील घटक ओळखतात. त्यानंतर इंटरल्यूकिन-12 अधिक स्रवले तर दाहाला चालना मिळते. इंटरल्यूकिन-10 अधिक स्रवले तर दाह शमतो. हा कल जिवाणूच्या वाणानुसार बदलतो. इतकेच नव्हे, तर लॅक्टोबॅसिलस प्लांटारमचा एकच वाण निरोगी व्यक्तींना दिला असता, जिवाणूंच्या वाढीच्या अवस्थेनुसार लहान आतड्याचा प्रतिसाद भिन्न असल्याचे 2009 मधील डच संशोधनात आढळले. तेव्हा प्रतिकारशक्ती ‘वाढते’ हे क्रियापदच सदोष ठरते.

ओडिशातील ग्रामीण भागात 4,556 नवजात अर्भकांवर झालेल्या व 2017 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत याच प्रजातीच्या एका वाणामुळे जंतुदोष व मृत्यू यांचे एकत्रित प्रमाण 40 टक्क्यांनी घटले. हे यश मोठेच. पण ते निश्चित वाणाचे, मोजलेल्या मात्रेचे आणि सोबत दिलेल्या शर्करेचेही आहे. उलट, तीव्र स्वादुपिंडदाहाच्या रुग्णांवरील 2008 च्या डच चाचणीत प्रोबायोटिक गटात 152 पैकी 24, तर दुसऱ्या गटात 144 पैकी 9 रुग्ण दगावले. निरुपद्रवीपणाही गृहीत धरता येत नाही, तो असा.

2001 च्या आंतरराष्ट्रीय व्याख्येनुसार प्रोबायोटिक जिवाणू जिवंत व पुरेशा मात्रेत असावे लागतात. घरचे विरजण घरागणिक आणि ऋतूगणिक बदलते. कढी उकळली की जिवंतपणाची अटच संपते. हिवरे बाजारच्या दुधाने कुटुंबांना प्रथिने, कॅल्शियम व रोख उत्पन्न दिले, हे मोल स्वतंत्र आहे. प्रतिकारपेशींविषयी विधान करावयाचे तर आधी त्या विरजणातील वाण ओळखून त्यांची संख्या मोजावी लागेल, आणि मग तेच दही खाणाऱ्या व न खाणाऱ्या गटांची तुलना करावी लागेल.