'सौभाग्य' योजनेतील सौर कलम : एक समीक्षा

खोपोलीच्या वीजगृहातून १९१५ साली मुंबईच्या गिरण्यांकडे वीज वाहू लागली. १९२२ मध्ये कर्जत तालुक्यातील भिवपुरीचे वीजगृह सुरू झाले. चौक गाव या दोहोंपासून फार दूर नाही. वीज कोठे निर्माण होते यावर ती कोणास मिळेल हे ठरत नाही, ती विकत घेण्याची हमी कोण देतो यावर ठरते, हा धडा या परिसराने फार लवकर पाहिला. गिरण्यांना तशी हमी देणे शक्य होते. डोंगरपायथ्याच्या ठाकूर व कातकरी वाड्यांना ते शक्य नव्हते.

सप्टेंबर २०१७ मध्ये जाहीर झालेल्या आणि मार्च २०२२ मध्ये संपलेल्या 'सौभाग्य' योजनेचे परीक्षण याच दृष्टीने व्हावयास हवे. १६,३२० कोटी रुपयांच्या या योजनेचा मोठा गुण असा की, तिने गावाऐवजी घर हे मोजमाप मानले. २००४ च्या व्याख्येप्रमाणे गावातील शेकडा १० घरांत वीज आली व काही सार्वजनिक सोयी झाल्या की ते गाव विद्युतीकृत ठरे, मग त्याच्या वाड्या अंधारात का असेनात. जेथे तारा नेणे परवडण्याजोगे नाही अशा घरांसाठी योजनेत स्वतंत्र सौरसंचाची तरतूद होती : २०० ते ३०० वॅटची तबकडी, बॅटरी, पाच दिवे, एक पंखा आणि पाच वर्षांची देखभाल.

ही तरतूद अनाठायी होती असे कोणी म्हणणार नाही. इर्शाळगडाच्या उतारावरील इर्शाळवाडीवर जुलै २०२३ मध्ये दरड कोसळली, तेव्हा वर रस्ता नसल्याने खोदकामाची यंत्रे नेता आली नाहीत आणि माणसांना हातांनी माती उपसावी लागली. अशा उतारांवर खांब व तारा नेण्यास किती सायास पडतात, हे सांगावयास नको.

दोष आहे तो कालगणनेत. तबकडी वीस-पंचवीस वर्षे टिकते, शिशाची बॅटरी साधारणपणे चार-पाच वर्षांत संपते. म्हणजे देखभालीची मुदत सरते त्याच सुमारास संचाचा सर्वांत खर्चिक भाग निकामी होतो. अर्थसाहाय्य उभारणीला मिळाले. त्यानंतरच्या बॅटरीसाठी कोणाचेच खाते उघडे राहिले नाही. विद्युतीकृत घरांच्या यादीत मात्र ते घर कायमचे नोंदले गेले.

यावर कर्ज हा उपाय सुचविला जातो. बांगलादेशाने २००३ पासून तो अवलंबिला. थोडी रक्कम आरंभी, उरलेली दोन-तीन वर्षांच्या हप्त्यांत, आणि हप्ता घेण्यास येणाऱ्या संस्थेकडेच दुरुस्तीची जबाबदारी, अशा रीतीने चाळीस लाखांहून अधिक घरांत दिवे लागले. वसुली व देखभाल एकाच हाती असणे हे त्या यशाचे मर्म होय. पुढे सरकारनेच संच फुकट वाटले, ताराही आल्या, आणि हप्ते थकू लागले. ही त्या प्रयोगाची दुसरी बाजू लपविण्यात अर्थ नाही.

परंतु तोच मासिक हप्ता कातकरी कुटुंबास लावता येईल काय? दिवाळीनंतर ही कुटुंबे ठेकेदाराची उचल घेऊन वीटभट्ट्यांवर जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. म्हणजे ऊन भरपूर असते तेव्हा घर बंद, आणि घरात माणसे असतात तेव्हा कोकणचे ढगाळ आभाळ. बंद घरातील बॅटरीकडे कोणी पाहत नाही. भर पावसाळ्यात तबकडी जेमतेम काम करते. संचाचे आकारमान आणि कर्जाची परतफेड या दोहोंचा हिशेब वर्षभर घरी राहणारे, महिन्याला कमावणारे कुटुंब गृहीत धरून केलेला आहे. ठाकूर वाड्या तुलनेने स्थिर असल्या, तरी त्यांचीही मिळकत भाताच्या व मजुरीच्या हंगामावरच चालते.

२०२४ च्या 'सूर्यघर' योजनेत तर ७८,००० रुपयांपर्यंतचे अनुदान मिळण्यास स्वतःचे छप्पर आणि आधीपासूनची वीजजोडणी लागते. वाडीवरील घरासाठी सौर कलमाची पुन्हा मांडणी व्हावयाची, तर तीत दोन गोष्टी हव्यात : भट्टीवरून परतताना होणाऱ्या हिशेबाशी जुळणारा वार्षिक हप्ता, आणि दुसऱ्या बॅटरीची रक्कम पहिल्याच दिवशी बाजूस ठेवणारा निधी. दुसरी तरतूद झाली नाही, तर पहिलीचा उपयोग पाच वर्षांपलीकडे नाही.