गोखल्यांची अंदाजपत्रकावरील भाषणे : लष्कराचा खर्च आणि शाळेचा पैसा

बेळगाव-अनगोळच्या वाचकाला लष्कर परके नाही. मराठा लाईट इन्फंट्रीचे केंद्र येथेच आहे. त्यामुळे संरक्षणखर्चाविषयी कोणी शंका काढली, की ती सैनिकांविरुद्धच आहे असा समज येथे लवकर होतो. निपाणीजवळच्या कागलमध्ये काही काळ शिकलेल्या गोपाळ कृष्ण गोखले यांची मध्यवर्ती कायदेमंडळातील भाषणे या दृष्टीने पुन्हा वाचण्यासारखी आहेत.

२६ मार्च १९०२ रोजी त्यांनी अंदाजपत्रकावर पहिले भाषण केले. देश नुकताच दुष्काळातून बाहेर पडत होता आणि सरकारी तिजोरीत मात्र शिल्लक दिसत होती. ही शिल्लक सुबत्तेची नसून जादा कराची आहे, हे गोखल्यांनी सरकारच्याच आकड्यांवरून दाखवले. लष्कराबाबतही त्यांनी तीच पद्धत वापरली. दक्षिण आफ्रिकेत व चीनमध्ये हिंदुस्थानातून फौजा पाठवूनही येथील संरक्षणाला धोका पोहोचला नाही. मग तेवढी फौज हिंदी रयतेच्या खर्चाने का ठेवावी? प्रश्न साधा होता, पण समाधानकारक उत्तर मिळाले नाही.

१९०६ च्या भाषणात हा विचार अधिक पुढे जातो. वीस वर्षांत लष्करी खर्च जवळजवळ दुप्पट झाला होता. रशियाच्या भीतीने तो वाढवला गेला. पण जपानने १९०५ साली रशियाचा पराभव केला होता, तेव्हा किचनेर यांची पुनर्रचनेची योजना थांबवावी, असे गोखल्यांचे म्हणणे. या भाषणातील अधिक मोलाचा मुद्दा मात्र वेगळा आहे. जनतेवर अविश्वास ठेवणाऱ्या राज्याला केवळ खड्या फौजेवर विसंबावे लागते आणि ती फार महाग पडते, असे ते सुचवतात. अधिकारपदे हिंदी लोकांना खुली करा, ही त्यांची मागणी केवळ नोकऱ्यांसाठी नव्हती. सुरक्षेचा आधार विश्वास आहे, हे त्यामागचे सूत्र होते.

आता मर्यादा. १८९२ च्या कायद्याने सभासदांना अंदाजपत्रकावर बोलता येई, मतदान करता येत नसे. गोखल्यांची भाषा विनंतीची राहिली याचे हे एक कारण. तरी मिठावरील कर १९०३ ते १९०७ या काळात मणामागे अडीच रुपयांवरून एक रुपयावर आला, त्यात त्यांच्या टीकेचा वाटा होता हे नाकारता येणार नाही.

खरी अडचण प्राथमिक शिक्षणाच्या विधेयकात दिसते. ते त्यांनी मार्च १९११ मध्ये मांडले. सहा ते दहा वयाच्या मुलांना शिक्षण सक्तीचे करण्याची मुभा स्थानिक संस्थांना मिळावी, आणि त्यासाठी त्यांना शिक्षणपट्टी बसवता यावी, अशी ती योजना होती. खर्चाचा मोठा भाग सरकारने उचलावा, ही गोखल्यांची अपेक्षा. पण दहा वर्षे लष्कराच्या वाढत्या खर्चावर बोट ठेवणाऱ्या या सभासदाने त्या खर्चातील बचत शाळांना बांधून देणारे कलम विधेयकात घातले नाही. आमच्या मते येथे त्यांनी आपलाच युक्तिवाद सैल सोडला. नव्या पट्टीचा बोजा पुढे करून विरोध करणे त्यामुळे सोपे झाले. जिना यांच्यासारख्या सभासदांनी पाठिंबा देऊनही मार्च १९१२ मध्ये विधेयक १३ विरुद्ध ३८ मतांनी फेटाळले गेले.

मतदानाचा हक्क असता तर गोखल्यांनी काय केले असते, हा तर्क येथे वाढवण्यात अर्थ नाही. तो हक्क असलेल्या लोकसभेने २०१८ साली संरक्षणासह सर्व खात्यांच्या मागण्या चर्चेविना एकत्र मंजूर केल्या, ही नोंद मात्र या भाषणांच्या वाचकाने जवळ ठेवावी.