एकट्याची कथा, चौघांचा खेळ

एका वाङ्मयप्रकारातील कृती दुसऱ्या प्रकारात नेताना तिचे काय राखावे आणि काय सोडावे, हा प्रश्न टीकाकारांस नवा नाही. कादंबरीचे नाटक होते तेव्हा कथानक बहुधा टिकते. हरवतो तो निवेदकाचा स्वर. परंतु जिचे सारे मर्म नायकाच्या एकटेपणात आहे अशी कथा चार जणांनी मिळून खेळावयाची ठरली, म्हणजे हा प्रश्न अधिकच बिकट होतो. इंग्रज ग्रंथकार जो डेव्हर यांच्या ‘लोन वुल्फ’ या मालेची टेबलाभोवती बसून खेळावयाची जी रूपांतरे झाली, त्यांपैकी २००४, २०१० व २०१५ सालच्या तिहींचा विचार या दृष्टीने करण्याजोगा आहे.

मूळ पुस्तकांची रचना ज्यांस परिचित नाही त्यांच्यासाठी दोन शब्द. मालेतील पहिले पुस्तक ‘फ्लाइट फ्रॉम द डार्क’ १९८४ साली प्रसिद्ध झाले. त्यात ३५० क्रमांकित परिच्छेद आहेत, पण ते ओळीने वाचावयाचे नसतात. परिच्छेदाच्या शेवटी वाचकापुढे पर्याय ठेवलेले असतात आणि त्याने जी वाट पत्करावी त्या वाटेचा परिच्छेद उघडावयाचा असतो. युद्धकौशल्य व सहनशक्ती या दोन आकड्यांनी नायकाचे बळ मोजले जाते. दैवाचा कौल हवा असेल तेव्हा डोळे मिटून अंकांच्या कोष्टकावर पेन्सिल टेकवावी. सापडेल तो अंक आपला. दहा विद्यांपैकी आरंभी पाचच घेता येतात. एका पुस्तकात मिळवलेले सामर्थ्य पुढच्या पुस्तकात नेता येते, त्यामुळे वाचकाचे नायकाशी जडलेले नाते शेवटचे पान मिटल्यावरही तुटत नाही.

हा नायक कै पंथाच्या मठातील एक नवशिका शिष्य आहे. पाठाकडे लक्ष नव्हते म्हणून शिक्षा म्हणून त्यास रानात लाकडे आणावयास धाडलेले असते. तेवढ्यात शत्रूचे सैन्य मठावर तुटून पडते आणि सणासाठी जमलेले सारे गुरुजन व गुरुबंधू मारले जातात. शिक्षेमुळे वाचलेला हा मुलगा पंथातील अखेरचा पुरुष ठरतो. अभ्यासू मुले गेली आणि अनवधानी तेवढा उरला, ही बोच डेव्हर कोठेही शब्दांनी ठसवीत नाहीत. तथापि पुढील सर्व प्रवासावर तिची छाया पडलेली आहे.

ही सारी कथा मध्यमपुरुषी आहे. इंग्रजी ‘यू’ हे सर्वनाम एकास आणि अनेकांस सारखेच चालते; मराठीत मात्र ‘तू’ की ‘तुम्ही’ याचा निर्णय आधीच करावा लागतो. डेव्हर यांच्या पुस्तकांतील ‘यू’ म्हणजे निःसंशय ‘तू’ होय. टेबलापाशी बसलेल्या मंडळीस उद्देशून बोलताना त्याचे ‘तुम्ही’ करणे प्राप्तच आहे. ‘तू’चे ‘तुम्ही’ कसे केले, हीच या तिन्ही रूपांतरांची खरी कसोटी आहे.

माँगूज या प्रकाशनसंस्थेने २००४ साली काढलेल्या पहिल्या रूपांतराने ही अडचण काळ मागे नेऊन सोडवली. त्याचा कथाकाल मठाच्या विध्वंसापूर्वी सुमारे ५० वर्षांचा आहे. मठ नांदता असल्यामुळे पंथाचे अनेक वीर एकत्र निघू शकतात. शिवाय सोमरलंडचे सरदार, डेसी देशचे जादूगार, बोरचे बुटके बंदूकधारी अशी भूमिकांची विविधताही येथे आहे. मूळ पुस्तकांत वाटेवर ओझरते दिसणारे देश येथे ऐसपैस पाहावयास मिळतात, हा याचा मोठा गुण. खेळणारास मठाचे भवितव्य ठाऊक असते आणि त्याच्या पात्रास नसते, यातून एक करुण रंगही आपोआप उत्पन्न होतो. परंतु नियम वीस बाजूंच्या फाशाच्या त्या काळच्या सर्वसामान्य पद्धतीतून घेतलेले आहेत. त्यांत पुष्कळ हिशेब आहे आणि मूळचा साधेपणा नाही. पुस्तकात दोन्ही पक्षांच्या युद्धकौशल्याची वजाबाकी करून एकच अंक काढावयाचा आणि त्या एका अंकावरूनच दोघांचीही हानी वाचावयाची असे. घाव घालणारास घाव सोसावाही लागे. येथे प्रत्येकाची पाळी निराळी आणि फासाही निराळा; त्यामुळे ती झटापट जाऊन तिच्या जागी कवायत आली आहे.

त्याच संस्थेचे २०१० सालचे रूपांतर नेमके उलट्या टोकाचे आहे. पुस्तकांतील आकडे, कोष्टक आणि विद्या यांस त्याने शक्यतो धक्का लावलेला नाही. जुन्या वाचकास ते उघडताच घरी परतल्यासारखे वाटेल. पण नियम अक्षरशः राखले म्हणजे त्यांचा अर्थ राहतोच असे नाही. दहांतील पाच विद्या निवडणे म्हणजे उरलेल्या पाचांचा त्याग करणे होते. एखाद्या परिच्छेदात मागकाढ्याची विद्या मागितली जाई आणि आपण ती घेतलेली नसे, तेव्हा लागणारी चुटपुट हा त्या वाचनाचा प्राण होता. आता केवळ दोघे सोबती मिळूनही दहाच्या दहा विद्या जमवू शकतात. उणीव ही उणीव न राहता सोबत्यास हाक मारण्याचे निमित्त होते. यात वाईट काही नाही. किंबहुना चांगल्या मैत्रीचे हेच लक्षण आहे. मात्र जो नियम एकाकीपण घडवीत असे तोच येथे सहवास घडवतो, याची जाणीव रूपांतरकारास असल्याचे दिसत नाही.

क्युबिकल सेव्हन या संस्थेचे २०१५ सालचे रूपांतर पेटीच्या स्वरूपात आले. पेन्सिल टेकवण्याऐवजी येथे पेटीत छापलेल्या अंकांवर सोंगटी टाकावयाची असते. कृती बदलली, पण हाताने दैवास कौल लावण्याची मौज राहिली. त्याहून महत्त्वाचा आहे तो कथाकाल. मठ पुन्हा उभा राहिला आहे, लोन वुल्फ आता गुरू झाला आहे आणि खेळणारे त्याचे शिष्य आहेत. खुद्द डेव्हर यांनीही १९९४ साली, मालेच्या २१व्या पुस्तकापासून, वाचकास लोन वुल्फची भूमिका सोडावयास लावून त्याच्या नव्या पंथातील शिष्याची भूमिका दिली होती. त्यामुळे ही योजना मूळ कल्पनेस सोडून नाही. एकटेपण येथे नाहीसे झालेले नाही. ते गुरूची स्मृती होऊन मठाच्या भिंतींत राहिले आहे. समर्थ गुरूच्या छत्राखाली शिष्यांचे साहस थोडे सुरक्षित वाटते, हा दोष आम्ही नाकारीत नाही. तरीही तिहींत आम्ही यासच अग्रमान देतो.

मग सहवासात काहीच मिळत नाही काय? मिळते, आणि ते अमोल आहे. पुस्तक वाचताना मागच्या पानावर बोट ठेवून पुढे डोकावण्याची लबाडी कोणी केली नाही? नायक मेला की आपण निमूटपणे पहिला परिच्छेद उघडतो. त्या मरणास साक्षी कोणी नसतो. टेबलाभोवती बोट ठेवावयास पान नसते, आणि आपले पात्र पडल्यावरही कथा थांबत नाही. सोबती ते पाहतात, क्षणभर गप्प होतात आणि पुढे निघतात. पुस्तकातील मरणापेक्षा हे मरण अधिक खरे वाटते.

डेव्हर यांनी आपली मॅग्नामंड नावाची सृष्टी प्रथम १९७७ साली मित्रमंडळींत खेळावयाच्या अशाच एका खेळासाठी उभारली, आणि तिच्यातला एकटा नायक त्यानंतर जन्मास आला. २०१६ साली ते निवर्तले, त्यापूर्वी ही सृष्टी पुन्हा मंडळींत परतलेली त्यांनी पाहिली होती. म्हणून या रूपांतरांस मूळ कृतीचा भंग म्हणणे अन्यायाचे होईल. ज्यांच्या घरी मुले आहेत त्यांनी पहिले पुस्तक आधी ज्याचे त्यास एकांतात वाचू द्यावे आणि मगच पेटी उघडावी, एवढीच आमची सूचना आहे. मठ जळताना ज्याने एकट्याने पाहिला आहे, त्यासच तो चौघांनी मिळून राखण्यातले मोल कळेल.