लाल वर, पुन्हा लालच वर

मॉन्टेसोरीच्या साहित्यात बो बांधायची एक लाकडी चौकट असते. दोन बाजूंना ताणून बसवलेलं कापड, मधे उभी फट आणि फटीवर रिबिनींच्या पाच जोड्या. दिसायला अगदी साधी, पण मांडणी पाहा. बुटाची नाडी बांधताना मूल वाकतं, तोल सांभाळतं, घाईत असतं. इथे गाठ पायातून काढून टेबलावर आडवी ठेवली आहे. बाकीच्या अडचणी गेल्या, बोटांची तेवढी उरली. एवढं नेमकं काढून टाकायला फार मोठी नजर लागते.

धडा सुरू होतो तो बांधण्याने नव्हे, सोडण्याने. सुरगाठच ती, टोक ओढलं की उकलते. म्हणजे पहिल्याच हालचालीला यश, आणि उकलताना गाठीची वाट उलटी दिसून जाते. शिकवणाऱ्या ताई या वेळी जवळजवळ बोलत नाहीत. हात दाखवताना तोंड चाललं तर मूल हातांकडे पाहील की तोंडाकडे? या अबोलपणात मला कसलेल्या कारागिराची ऐट दिसते.

खरी गंमत मात्र रंगांत आहे. काही चौकटींत जोडीतली एक रिबीन लाल, दुसरी पांढरी असते. लाल पांढरीवरून नेऊन खालून काढली की पहिली अढी पडते. मग दोन्ही टोकांचे दोन कान करायचे आणि पुन्हा लाल कान पांढऱ्यावरून. या वेळी पांढरा वर गेला तर बो फटीच्या दिशेने उभा राहतो आणि सैलावतो. लालच वर राहिला तर आडवा, चापून बसतो. आपल्यापैकी कितीजणांचे बो जन्मभर उभेच राहिले असतील! उजवं-डावं न कळणाऱ्या वयाला ‘दोन्ही वेळा लाल वर’ एवढं पुरतं. चूक दाखवायला ताई लागत नाहीत, बोच सांगतो. हा रंगांचा वापर निव्वळ शोभेचा मानणाऱ्याने चौकट पाहिलीच नाही म्हणायचं.

महागडं साहित्य हवंच, असं मात्र नाही. ताराबाई मोडकांनी 1945 मध्ये बोर्डीला आणि पुढे कोसबाडला हाताशी असलेल्या वस्तूंवर बालशिक्षण उभं केलं. कोल्हापुरात लीलाताई पाटलांनी 1985 साली ‘सृजन आनंद’ विद्यालय सुरू केलं, तेही हातांनी करत शिकण्यावर भिस्त ठेवून. आणि या गावात तर बोटांच्या कामाची ददात नाही. चप्पल लाईनमधल्या कुठल्याही कोल्हापुरीवरची चामड्याची वेणी निरखून पाहा: एकसारखा ताण, पेडाला लागून पेड. गाठीनंतरची पायरी म्हणून मुलांना तिपेडी वेणी द्यावी, तीन रंगांच्या पट्ट्यांची. कडेचा पेड मधल्यावर, एकदा उजवीकडून, एकदा डावीकडून. पाळी चुकली की रंगांची ओळ तिथेच मोडते. मागे जाऊन तेवढंच उसवायचं.

घरी चौकट करायची तर जुना फोटोफ्रेमचा सांगाडा चालेल. नाडी सुती आणि जरा रुंद घ्या. सॅटिनची रिबीन दिसते छान, पण लहान बोटांतून घसरते. ती शेवटी द्या.