जीभ वगळून स्मृती मोजताना

1969 साली ‘ब्रेन’ या वैद्यकीय नियतकालिकात एलिझाबेथ वॉरिंग्टन आणि टिम शॅलिस यांचा एक शोधनिबंध आला. कानांनी ऐकलेले शब्द क्षणभर धरून ठेवणारी स्मृती तेवढीच बिघडू शकते का, हा त्याचा विषय. शोधनिबंधाचं कसलं रसग्रहण, असं कुणी म्हणेल. पण एखादी शंका किती चिकाटीने शेवटापर्यंत न्यावी, याचं इतकं देखणं उदाहरण मला ललित गद्यातही क्वचितच भेटलं आहे.

निबंधात माणूस एकच, तोही आद्याक्षरांपुरता: के. एफ. सतराव्या वर्षी मोटारसायकलच्या अपघातात त्याच्या डोक्याला डाव्या बाजूला जबर मार लागला होता. तपासणीच्या वेळी तो 28 वर्षांचा होता. बोलणं अडखळत, हवा तो शब्द वेळेवर सापडत नसे. आकडे ऐकवून ‘तसेच म्हणा’ म्हटलं, की एक आकडा तो बरोबर म्हणे. दोन झाले की भरवसा नाही. एरवी माणसं सहा-सात आकडे सहज म्हणतात.

इथेच थांबून कागदावर ‘स्मृती कमकुवत’ असा शेरा मारणं किती सोपं होतं! पण आकडे परत म्हणायला आधी कान लागतो, शेवटी जीभ लागते आणि मधल्या दोन-चार सेकंदांत ते धरून ठेवणारं काहीतरी लागतं. यातलं नेमकं काय मोडलंय? निबंधाचा सारा डौल या एका प्रश्नाच्या उकलीत आहे. कानावर पडलेलं त्याला नीट ओळखता येतं का, हे पाहिलं, येत होतं. मग बोलण्याची अटच काढून टाकली. म्हणू नका, बोटाने दाखवा. किंवा दोन्ही वेळा ऐकलं ते सारखंच होतं का, एवढंच सांगा. तरीही तो अडलाच. म्हणजे दोष जिभेच्या माथी मारता येत नव्हता. तेच साहित्य डोळ्यांसमोर ठेवलं, तेव्हा मात्र त्याची कामगिरी सुधारली. आणि शब्दांची यादी पुन्हा पुन्हा ऐकवली, तर ती तो इतरांसारखीच पाठ करू शकत होता.

हे शेवटचं निरीक्षण मला फार मोलाचं वाटतं. 1968 मध्ये अ‍ॅटकिन्सन आणि शिफ्रिन यांनी मांडलेल्या आराखड्यात दीर्घकालीन स्मृतीकडे जाणारी वाट अल्पकालीन स्मृतीतूनच जात होती. इथे ती वाट जवळजवळ बंद होती, तरी शिकणं चालूच होतं. बॅडली आणि हिच यांनी 1974 मध्ये अनेक भागांच्या ‘कार्यकारी स्मृती’ची कल्पना मांडली, तेव्हा अशा रुग्णांचा पुरावा त्यांच्यासमोर होता. त्याच वर्षी वॉरिंग्टन आणि शॅलिस यांनी के. एफ.बद्दल आणखी एक गोष्ट दाखवली: मांजराचं म्याव, फोनची घंटा असे अर्थ असलेले आवाज तो शब्दांपेक्षा खूपच चांगले लक्षात ठेवू शकत होता. बिघाड आवाजाचा नव्हता, उच्चारलेल्या भाषेचा होता.

वाचाघात झालेल्या माणसाची तपासणी करणाऱ्या प्रत्येकाने हा निबंध वाचावा, असं मला मनापासून वाटतं. रंगीत चकत्या समोर मांडून ‘लहान लाल गोल आणि मोठा हिरवा चौकोन उचला’ असं सांगणारी टोकन टेस्ट 1962 पासून वापरात आहे. ती आकलन तपासते खरी, पण सूचना लांबली की तिच्यात स्मृतीही मोजली जाते. रुग्ण चुकला, तर त्याला समजलं नाही की समजलेलं हातातून निसटलं?

निबंधाची एक मर्यादाही आहे. डोळ्यांची वाट के. एफ.ला बऱ्यापैकी मोकळी होती. ज्यांचं वाचनही गेलं आहे, त्यांच्यापुढे लिहिलेले आकडे ठेवून काही कळणार नाही. अशा वेळी फिलिप कॉर्सीचे नऊ ठोकळे पुढे येतात: तपासनीस ज्या क्रमाने ठोकळ्यांना बोट लावेल, त्याच क्रमाने रुग्णाने लावायचं. भाषा जवळजवळ लागतच नाही. पण मोजलं जातं ते जागांचं भान, शब्दांची स्मृती नव्हे; आणि या चाचणीतल्या गुणांवरून संभाषणातलं वाक्य रुग्णाच्या मनात किती टिकेल, हे सांगता येत नाही.