सत्तावीस सेंटांचा संसार

टोनी आणि मॉरीन व्हीलर हे जोडपं १९७२ साली लंडनहून एका जुन्या मोटारीतून निघालं, काबूलला मोटार विकली आणि मिळेल त्या वाहनानं सिडनीला पोचलं, तेव्हा दोघांत मिळून २७ सेंट शिल्लक होते. आमच्याकडे एवढ्या भांडवलावर माणूस मेव्हण्याकडे जातो. यांनी १९७३ साली पुस्तक काढलं! 'अक्रॉस एशिया ऑन द चीप'. तेही घरीच पिना मारून.

पुस्तक कामाचं, यात वाद नाही. माझं भांडण त्या 'चीप'शी आहे. स्वस्त, पण कुणाला? पौंडाच्या हिशेबानं जी खोली फुकटात पडते, ती झाडणाऱ्या पोऱ्याला तिथं एक रात्र काढणं परवडत नाही. नावातच पाहुण्याचा खिसा दिसतो, यजमानाचा नाही.

आमच्या हिनं पुस्तक चाळून एवढंच विचारलं, "धुणं कुठं वाळत घालत होती हो ती?" असले प्रश्न समीक्षकांना सुचत नाहीत.

१९७९ साली इराणात क्रांती झाली, वर्षअखेर अफगाणिस्तानात सोव्हिएत फौजा शिरल्या, आणि तो रस्ताच मोडला. गाइड म्हणून पुस्तक सहा वर्षांत बाद! पण काबूलला जुन्या मोटारीला गिऱ्हाईक मिळत होतं, एवढ्या एका बातमीसाठी मी ते रद्दीत घातलेलं नाही.