अवश्य पाहण्याजोगीं शहरें

आपल्याकडे पूर्वीं यात्रेला निघणारा मनुष्य स्थलमाहात्म्य ऐकून निघत असे. अमुक क्षेत्रीं अमुक तीर्थ, तेथें स्नान केलें असतां अमुक फल, इतका हिशेब त्या ग्रंथांत चोख मांडलेला असे. हल्लीं यात्रेची जागा सहलीनें घेतली आहे. पण माहात्म्य लिहिण्याची हौस मात्र कमी झालेली नाहीं. अमुक देशांतील ‘अवश्य पाहण्याजोगीं’ पांच शहरें किंवा दहा शहरें, अशा याद्या आतां जिकडेतिकडे छापून येतात. आणि त्यांची फलश्रुति एवढीच असते कीं, हीं शहरें पाहिलीं म्हणजे तो देश पाहिला.

माझा एक माजी विद्यार्थी बॉस्निया-हर्झेगोव्हिनाच्या प्रवासाला निघाला असतां अशीच एक यादी घेऊन माझ्याकडे आला. तींत सारायेव्हो, मोस्तार व यायत्से अशीं तीन नांवें होतीं. “सर, ह्यांत कांहीं राहिलें आहे काय?” असें त्यानें विचारलें. त्या वेळीं तोंडीं दिलेलें उत्तर अपुरें होतें असें मागाहून वाटलें. म्हणून हा लेखनप्रपंच.

यादी खोटी आहे असें माझें म्हणणें नाहीं. सारायेव्होंत १५३१ सालची गाझी हुस्रेव्ह-बेगची मशीद, ऑर्थोडॉक्स पंथाचें जुनें देऊळ, कॅथॉलिकांचें मुख्य देऊळ आणि ज्यूंचें प्रार्थनामंदिर हीं सारीं थोड्या पावलांच्या अंतरांत आहेत. मोस्तारला नेरेत्वा नदीवर एकाच कमानीचा दगडी पूल आहे. यायत्से येथें तर ऐन गांवांत प्लिव्हा नदी व्र्बासमध्यें कोसळते. हें सर्व पाहण्याजोगें आहे, यांत शंका कसली? पण ज्या यायत्सेचा धबधबा यादींत आहे, त्याच गांवीं १४६३ सालीं बॉस्नियाच्या अखेरच्या राजाचा वध झाला, आणि त्याच गांवीं २९ नोव्हेंबर १९४३ रोजीं भरलेल्या सभेनें ज्या संघराज्याचा पाया घातला, तें युगोस्लाव्हिया राज्य पन्नास वर्षेंहि टिकलें नाहीं. हें यादींत नाहीं. एका राज्याचा अंत व दुसऱ्याचा आरंभ पाहिलेलें गांव धबधब्याच्या तुषारांत दिसेनासें होतें.

यादीचा खरा दोष येथें आहे. ती शहरांना डोळ्यांचा विषय मानते. वास्तविक शहर हें आठवणीचा विषय आहे. आणि आठवण पाहतां येत नाहीं, ती वाचावी लागते. बॉस्नियाच्या बाबतींत तर ही गोष्ट विशेषच खरी, कारण त्या देशाच्या शहरांना इव्हो आंद्रिचसारखा बखरकार लाभला.

आंद्रिचचा जन्म १८९२ सालीं ट्राव्हनिकजवळील एका खेड्यांत झाला, व बालपण द्रिना नदीच्या कांठीं विशेग्राद येथें गेलें. पुढें दुसऱ्या महायुद्धांत जर्मनांनीं व्यापलेल्या बेलग्रेड शहरीं एकांतवासांत बसून त्यानें ह्या दोन गांवांवर दोन कादंबऱ्या लिहिल्या. ‘ट्राव्हनिकची बखर’ व ‘द्रिना नदीवरील पूल’ ह्या दोन्ही १९४५ सालीं प्रसिद्ध झाल्या. १९६१ सालीं त्याला नोबेल पारितोषिक मिळालें. माझ्या विद्यार्थ्याच्या यादींत हीं दोन्ही गांवें नव्हतीं!

ट्राव्हनिक हें एके काळीं बॉस्नियाच्या तुर्की वजिरांचें ठाणें होतें. नेपोलियनच्या काळीं तेथें फ्रान्स व ऑस्ट्रिया यांचे वकील येऊन राहिले; त्यांचीं सुमारें सात वर्षें हा ‘बखरी’चा विषय. कथेच्या आरंभीं गांवचे बेग कॉफीच्या दुकानांत बसलेले आहेत. शेवटींहि ते तेथेंच बसलेले आहेत. मधल्या काळांत साम्राज्यें हललीं, वजीर बदलले, वकील आले आणि गेले. परका मनुष्य दुसऱ्याच्या गांवीं राहतो म्हणजे त्याला तें कळतेंच असें नाहीं, हें सत्य आंद्रिचनें येथें ज्या संयमानें सांगितलें आहे, तें प्रत्येक प्रवाशानें निघण्यापूर्वीं वाचावें. जेथें वर्षानुवर्षें राहून वकिलाला कळलें नाहीं, तेथें दोन दिवसांच्या पाहुण्याला काय कळणार?

विशेग्रादची गोष्ट अधिक अवघड आहे. तेथील अकरा कमानींचा पूल वजीर मेहमेदपाशा सोकोलोविच यानें सोळाव्या शतकांत सिनान ह्या विख्यात स्थपतीकडून बांधविला. हा पाशा मूळचा त्याच मुलुखांतला. बालपणीं तुर्कांनीं त्याला आईबापांपासून तोडून नेलेलें. आंद्रिचच्या कादंबरींत हा पूलच नायक आहे. पुलाच्या मध्यावर बसावयाची जी रुंद जागा, ‘कापिया’, तेथें चार शतकें माणसें बसतात, गप्पा मारतात, भांडतात, मरतात. पूर येतो, पटकी येते, राज्य बदलतें. पूल मात्र तसाच उभा. १९१४ सालच्या युद्धांत त्याचा मधला भाग सुरुंगानें उडतो, तेव्हां वाचकाला एखादा आप्त गेल्यासारखें वाटतें. माणसें जातात, पण माणसांनीं सद्‌बुद्धीनें बांधलेलें राहतें, हा ह्या कादंबरीचा दिलासा.

हा दिलासा कितपत टिकतो? १९९२ सालीं विशेग्रादच्या मुसलमान रहिवाशांची कत्तल झाली. कित्येकांना ह्याच पुलावर आणून मारलें, आणि प्रेतें द्रिनेंत लोटलीं. त्या गांवांतील अत्याचारांबद्दल हेग येथील आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरणानें पुढें शिक्षाहि दिल्या. युद्धापूर्वीं गांवांत निम्म्याहून अधिक वस्ती मुसलमानांची होती. युद्धानंतर ती जवळजवळ उरली नाहीं. पूल मात्र उभाच राहिला. २००७ सालीं जागतिक वारशांत त्याची गणनाहि झाली. जवळच आंद्रिचच्या नांवानें एक नवें दगडी नगर उभारून २०१४ सालीं मोठ्या समारंभानें खुलें करण्यांत आलें. कादंबरीचें रसग्रहण करतांना हा प्रश्न टाळतां येत नाहीं असें मला वाटतें. पूल राहिला आणि माणसें गेलीं, तर त्यांत समाधान कसलें? आंद्रिचला पुढचें दिसलें नाहीं म्हणून त्याला दोष देणें अन्यायाचें होईल. १९७५ सालींच तो वारला. पण टिकाऊपणा हा दगडाचा गुण आहे, सद्‌बुद्धीचा पुरावा नव्हे, हें आजच्या वाचकानें स्वतः त्या पुस्तकांत वाचून घेतलें पाहिजे.

मोस्तारला नेमकें उलट घडलें. तेथील पूल १५६६ सालीं सिनानचा शिष्य हैरुद्दीन यानें पुरा केला. चारशें सत्तावीस वर्षें तो उभा होता. ९ नोव्हेंबर १९९३ रोजीं क्रोएट सैन्याच्या तोफांनीं तो नेरेत्वेंत कोसळला. त्या वेळीं क्रोएशियन लेखिका स्लावेंका द्राकुलिच यांनीं एक निबंध लिहिला. मारल्या गेलेल्या मनुष्याच्या चित्रापेक्षां पडलेल्या पुलाचें चित्र अधिक दुःख कां देतें, हा त्यांचा प्रश्न. मनुष्य मरणारच हें आपण गृहीत धरलेलें असतें, पूल मात्र आपल्यामागें राहील असें धरून चाललेलों असतों, अशा आशयाचें उत्तर त्यांनीं दिलें. निबंध छोटा आहे, पण आंद्रिचच्या कादंबरीशेजारीं ठेवून वाचण्याच्या योग्यतेचा आहे. पूल २००४ सालीं पुन्हा बांधून झाला. पूर्वींच्याच जातीचा दगड, पूर्वींचीच कमान. प्रवासी त्यावर उभे राहून नदींत उड्या घेणाऱ्या तरुणांचीं छायाचित्रें घेतात. घेवोत बापडे! फक्त आपण उभे आहों तो दगड नवा आहे, आणि तो नवा कां आहे, एवढें त्यांना ठाऊक असावें.

राहतां राहिलें सारायेव्हो. ह्या शहराविषयीं आंद्रिचची ‘१९२० सालचें एक पत्र’ ही कथा १९४६ सालीं प्रसिद्ध झाली. तींतील डॉक्टर मित्र लिहितो कीं, बॉस्निया ही द्वेषाची भूमि आहे. रात्रीं ह्या शहरांत प्रत्येक धर्माचें घड्याळ वेगवेगळ्या वेळीं ठोके देतें. १९९२ नंतरच्या युद्धांत हें पत्र पुष्कळांच्या फार सोयीचें झालें. ‘त्यांचेंच साहित्य सांगतें, हे लोक एकत्र नांदणारे नव्हेत!’ असें म्हणतांना कथेचा शेवट ते सोयिस्कर विसरले. द्वेषाला भिऊन बॉस्निया सोडणारा तो डॉक्टर अखेर स्पेनच्या यादवींत, आपल्या रुग्णालयावर पडलेल्या बाँबनें मरतो. द्वेष एका देशाची मिरास नाहीं, हें सांगणारी कथा एका देशाला दूषण म्हणून वापरली गेली. पात्राचें मत तें लेखकाचें मत, असें धरून चालण्याची चूक परीक्षेंतील विद्यार्थ्याला गुण गमावायला लावते. येथें तिची किंमत फार मोठी होती.

त्याच शहराच्या नगरभवनांतून बाहेर पडलेल्या ऑस्ट्रियाच्या युवराजाचा २८ जून १९१४ रोजीं खून झाला व महायुद्ध पेटलें. पुढें तें भवन राष्ट्रीय ग्रंथालय झालें. १९९२ च्या ऑगस्टमध्यें वेढ्याच्या तोफांनीं तें पेटलें आणि लक्षावधि पुस्तकें जळून गेलीं. २०१४ सालीं इमारत पुन्हा उघडली. ती दिसावयास सुंदर आहे. जळालेलीं पुस्तकें मात्र कोणत्याहि यादींत दाखवितां येत नाहींत.

प्रवासवर्णनांत ह्या प्रदेशाला न्याय देणारें पुस्तक कोणतें, असें विचाराल तर रिबेका वेस्ट बाईंचें १९४१ सालचें ‘काळें कोकरूं आणि करडा ससाणा’ ह्याचें नांव घ्यावें लागेल. हजारांवर पानें, आणि सर्बांविषयींचा पक्षपात उघड. पण बाई पाहतां पाहतां स्वतःशीं वाद घालतात. जी जागा पाहिली तिनें आपल्याला काय विचारलें, हें त्या लिहितात. प्रवासवर्णनाची कसोटी हीच असावी.

तेव्हां माझ्या विद्यार्थ्याला उत्तर असें. यादींतील तिन्ही शहरें पहा. त्यांत ट्राव्हनिक घाल, कारण तेथें परकेपणा शिकतां येतो. आणि विशेग्राद घाल, कारण सुंदर वस्तूपुढें उभें राहून मान खालीं घालावी लागते, हें तेथें कळतें. ‘अवश्य’ हा शब्द शहरांना लावूं नये. तो पाहणाऱ्याला लावावा. जाण्यापूर्वीं अवश्य वाचावें, आणि परत आल्यावर तेंच पुस्तक पुन्हा वाचावें. दुसऱ्या वाचनांत तें वेगळें वाटलें, तर प्रवास झाला असें समजावें.